कार्ड तो निवडंल

ताई, पंखे फिरतायत. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या मागच्या जाळीतून गरम वारा येतोय, मदरबोर्डच्या कोपऱ्यात एक बारकासा लाल दिवा लागलाय. फक्त पडदा काळा आहे. तू असतीस तर आत्तापर्यंत मला मूर्ख म्हणून झालं असतं, आणि दुसऱ्यांदा मूर्ख म्हणता म्हणता तुला कारणही सापडलं असतं. तू नाहीस आणि मला कारण सापडत नाही. परवापासून बटण दाबतोय, बंद करतोय, परत दाबतोय.

काल तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, मग लोक उठून बोलले. एकानं सांगितलं, सुजाता फार शांत स्वभावाची होती. तू! शांत! मी उठून सांगणारच होतो की या शांत बाईनं पॉवर सप्लायवरून माझ्याशी अख्खा पावसाळा भांडण केलंय, पण आईनं हात धरून मला खाली बसवलं. त्या माणसाचंही चुकलं नाही म्हणा. भांडायचीस ती फक्त माझ्याशीच. बाकीच्यांच्या वाट्याला तुझं शांतपण आलं, माझ्या वाट्याला तू आलीस.

धाराशिवच्या तुझ्या दोन खोल्या रिकाम्या करायला मी आणि आई टेंपो घेऊन गेलो होतो. क्लासचा फळा घरमालकांकडंच ठेवला. बाकी सगळा तुझा संसार, टेंपो अर्धाही भरला नाही. टेबलाजवळ खाली, पाटावर, हा कॅबिनेट होता. टेबल एवढं मोठं असताना पाटावर! एका बाजूचं झाकण काढलेलं, आत मदरबोर्ड बसवलेला, प्रोसेसरवर त्याचा पंखा चढवलेला, रॅम, एसएसडी, पॉवर सप्लाय सगळं जागच्या जागी. नुसत्या वायरी जोडायच्या राहिल्या होत्या. म्हणजे दिवाळीत दोघांनी मिळून जोडायचं ठरलेलं असताना तू चोरून सुरुवात केली होतीस आणि वायरींचा गुंता तेवढा माझ्यासाठी ठेवला होतास, कारण ते काम तुला आवडत नव्हतं. शेजारी मॉनिटर आणि गेम खेळायचे दोन कंट्रोलर. कंट्रोलरवरचं प्लास्टिक अजून तसंच होतं.

आई म्हणाली, "हे खोकं नको घेऊ राहुल. हितंच कुणाला तरी विकून टाक."

मी म्हणालो, "जोडून बघतो, मग विकू." तिनं माझ्याकडं बघितलं आणि कंट्रोलर पदराखाली धरून टेंपोत नेऊन ठेवले.

तिला काय सांगणार? तिला वाटतं आपण दोघं फोनवर जे ओरडत होतो ते या पत्र्याच्या खोक्यासाठी. ते लोहाऱ्यात सुरू झालं, हे तिला कुठं ठाऊक आहे. तू अकरावीला होतीस, मी पोरगेला, तुझ्या मागं मागं एसटीनं यायचो आणि कॉलेज सुटल्यावर आपण त्या नेट कॅफेत जायचो. एक खुर्ची, त्यावर दोघं अर्धे अर्धे. गाड्यांच्या शर्यतीचा गेम, डावं-उजवं तुझं, पुढं-मागं माझं. तू वळवायचीस, मी पळवायचो. प्रत्येक वळणावर आपली गाडी भिंतीत जायची, कारण मी ब्रेक कधी दाबलाच नाही. तू ओरडायचीस, "थांब की रं राहुल्या, वळण हाय!" अख्खा कॅफे वळून बघायचा. आपण एकही शर्यत जिंकलो नाही. तरी बाहेर पडताना तू म्हणायचीस, पुढच्या खेपेला नक्की.

नंतर तू दहावीच्या पोरांना भूमिती शिकवणारी बाई झालीस, आणि असल्या बाईनं गेम खेळायचे म्हणजे लोक हसणार, म्हणून कुणाला सांगितलं नाहीस. क्लास सुटला की मोबाईलवर खेळत बसायचीस, अंगठा दुखायला लागला की मला नळदुर्गला फोन. मी मेडिकलच्या काउंटरवर उभा राहून गिऱ्हाइकाला गोळ्या देता देता तुझ्याशी रॅमवर बोलायचो. एकदा एका ट्रक ड्रायव्हरनं विचारलं होतं, "भाऊ, हे सोळा जीबीचं कशावर देतात?" तुला ते सांगितलं तर तू म्हणालीस, "सांग त्याला, डोकेदुखीवर. माझा भाऊ बी ह्याच्यावरच हाय."

या मशीनसाठी आपलं बजेट म्हणजे दोन पगारांतून मागं टाकलेलं, तेही ओढूनताणून. अशा बजेटात एकीकडं हात सैल सोडला की दुसरीकडं आखडावा लागतो. सगळं जग ग्राफिक्स कार्डापासून सुरू करतं. गेम खेळायचा म्हणजे चित्र काढणारं कार्ड आधी, उरलंसुरलं बाकीच्यात. तू मात्र खालून सुरू केलंस. आधी पॉवर सप्लाय. "सगळं त्याच्यावर उभं हाय. ते हलकं घेतलंस तर जाताना बाकीच्यांना बी घेऊन जाईल." मग कॅबिनेट, तो पत्र्याचाच. मला एका बाजूला काच असलेला, आत रंगीत दिवे फिरणारा पाहिजे होता. तू म्हणालीस काच नको. मी म्हणालो का नको. तू म्हणालीस, "नको म्हणलं ना." उंच ठेवायचा नाही, वर काही ठेवायचं नाही, मागची बाजू भिंतीला चिकटवायची नाही. मी त्या मशीनचं नाव भूकंपग्रस्त ठेवलं. तू फोनवर इतकी हसलीस की तुला ठसका लागला.

असं चिडवणं आपल्याच घरात चालतं. मी भूकंपानंतरचा, पत्र्याच्या शेडमध्ये जन्मलेला. तू आधीची. दगडमातीच्या भिंती, पहाटेची वेळ, दादा पुढच्या दाराची कडी काढायला धावले आणि कडी अडकली. ते कडीशी झटत असताना वरून भिंत आली. मागची भिंत बाहेरच्या अंगाला पडली होती, तिथून आई तुला ओढत निघाली, मी तिच्या पोटात. मी दादांना, आपल्या वडिलांना, बघितलं नाही, पण ती कडी मला तुझ्या बोलण्यातून माहीत आहे. कशी होती, किती जाड होती, कुठं गंजली होती. पुढं आपलं गाव, सास्तूर, नव्यानं बसलं, आपल्याला स्लॅबचं घर मिळालं, चांगलं लोखंडी दार मिळालं. पण आईनं त्या दाराला आतून कडी कधीच लावली नाही. दार नुसतं लोटायचं. मागचं दार मोकळं ठेवायचं, त्याच्यापुढं ज्वारीचं पोतं ठेवलं तरी ओरडा खायचा. गल्लीत आणखीही एकदोन घरांत असंच आहे. कुणी कुणाला विचारत नाही.

म्हणून प्रोसेसरवरून आपलं जे पेटलं, ते नुसतं प्रोसेसरवरून नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं. कळत होतं म्हणून मी गप्प बसलो असं नाही. प्रोसेसर दोन जातींचा मिळत होता. एकाच्या आतच चित्राची थोडी सोय असते. कार्ड नसलं, कार्ड बिघडलं, तरी पडद्यावर दिसतं, हलके गेमही चालतात. दुसरा तसाच, पण बिनचित्राचा, म्हणून स्वस्त. त्याला कार्ड लागतंच, नाहीतर तो आंधळा. तुझा बेत होता, पहिला घ्यायचा आणि कार्ड सावकाश, पुढं कधीतरी. माझं म्हणणं होतं, कार्ड घ्यायचंच आहे तर आतल्या सोयीला पैसे कशाला? तो फरक कार्डात घाला, एक पायरी वरचं कार्ड येईल.

"आणि कार्ड गेलं तर?" तू विचारायचीस.

"जात न्हाय ताई."

"गेलं तर?"

"वॉरंटी हाय की."

"वॉरंटीतनं परत येईस्तोवर मशीन काय करंल? आंधळं बसंल?"

"बसू दे की चार दिवस! काय मरतंय का?"

"न्हाय. एक गेलं तरी दुसऱ्यावर चाललं पाहिजे."

हे असं किती महिने चाललं. मला खरं सांगायचं तर ते संपूच नये असं वाटायचं. दिवसभर लोक माझ्याकडं चिठ्ठी सरकवतात, मी गोळ्या सरकवतो, कुणी एक शब्द वेगळा बोलत नाही. संध्याकाळी तुझा फोन आला की मला वाटायचं मलाही काही मत आहे. मी काही बोललो आणि तू "न्हाय" म्हणालीस की माझं डोकं चालायला लागायचं. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. बहिणीचे आभार कोण मानतं? आता मानतो. कुणाला ऐकू जात असेल तर जाऊ दे.

शेवटचा फोनही त्यावरच. तू म्हणालीस, "माझ्या टेबलाजवळ ठेवायचं तर माझंच ऐकायचं. मी माझा प्रोसेसर आणला. विषय संपला." मी म्हणालो, "मग खेळ एकटीच." असं आपण इतक्यांदा बोललोय की त्याचं मला काही वाटत नाही. तू हसलीस आणि म्हणालीस, "बघू. ये दिवाळीला." ते मात्र डोक्यातून जात नाही. त्यानंतर दोनच दिवसांनी क्लास चालू असताना तू फळ्यापाशी खाली बसलीस. पोरांना वाटलं बाई खाली पडलेला खडू उचलतायत. तुला सोलापूरला नेलं, मी नळदुर्गहून थेट तिथं पोचलो, आईच्या आधी. तोवर सगळं झालं होतं आणि आईला सांगायचं काम माझ्याकडं आलं. ते मी इथं लिहिणार नाही. तुला ते माहीत नाही तेच बरं आहे.

तर हे मशीन. वायरी सगळ्या जोडल्या. पंखे फिरले आणि मी टाळी वाजवली, एकट्यानं, या खोलीत. पडदा आला नाही. वाटलं मॉनिटरची वायर सैल असेल. मग रॅम काढली, तिच्या पिवळ्या पट्टीवर खोडरबर घासलं, आपल्याकडं सगळे घासतात तसं, फुंकर मारली, परत बसवली. मग दुसऱ्या खाचेत बसवली. बोर्डावरचा गोल सेल काढून ठेवला, चहा पिऊन आलो, परत घातला. व्हिडिओ बघितले. एकातला माणूस म्हणतो, घाबरू नका मित्रांनो. मी घाबरलेलो आहे. सगळं उचकटलं, फक्त प्रोसेसरवरचा पंखा काढला नाही. त्याच्याखालचं तू तुझ्या हातानं बसवलं आहेस, तापू नये म्हणून पेस्ट लावून, स्क्रू आवळून. ते मी उघडणार नाही. आणि चालू झालं तरी पडद्यावर आधी काय दिसणार आहे, मदरबोर्डच्या कंपनीचं नाव! त्या नावासाठी मी आज कुणाच्याही पाया पडेन, ताई. तू लावलेलं काहीतरी चालू आहे, एवढंच मला बघायचं आहे.

आणि आई. काल संध्याकाळी माणसं गेली, सतरंज्या गेल्या, दिवेलागणीला मला एक आवाज आला. लोखंडावर लोखंड सरकल्याचा. या घरात मी तो कधी ऐकला नव्हता, त्यामुळं आधी कळेचना. बाहेर येऊन बघतो तर आई दाराशी उभी आणि कडी लावलेली. मागच्या दारालाही लावलेली, वर तुझी पत्र्याची पेटी ओढून त्याच्यापुढं ठेवलेली.

"आई, कडी?"

"असू दे."

"काढू का?"

"कशाला? आता कुणाला भाईर काढायचंय?"

मी काढली नाही. माझा धीर झाला नाही. मी आत येऊन परत बटण दाबलं.

इथवर लिहून मी ठेवून दिलं होतं. आज परत बसलोय, कारण पुढं काय झालं ते तुला कळलं पाहिजे, आणि मला तुझ्यावर ओरडायचं आहे.

मी रफीकभाईंना फोन केला. धाराशिवच्या बसस्टँडजवळचे, तू सगळे पार्ट ज्यांच्याकडून घेतलेस ते. म्हणालो, पंखे फिरतात, चित्र येत नाही, बोर्ड गेला असेल का? त्यांनी आधी तुझ्याबद्दल चार शब्द बोलून घेतले. मग विचारलं, "राहुलभाई, त्याच्यात कार्ड हाय का?"

"कार्ड कुठलं? ते नंतर घ्यायचं होतं. प्रोसेसर चित्रवाला हाय ना."

"न्हाय. चित्रवाला न्हाय तो."

"तिनं मला सांगितलंय. तिचाच आणला म्हणून."

"आणला होता. मग दुसऱ्या दिवशी परत घेऊन आल्या. बोलल्या, बदलून द्या, बिनचित्राचा द्या. मी बोललो, ताई, मग कार्डाबिगर काहीच दिसणार न्हाय बघा. बोलल्या, मालूम हाय मला. दिवाळीला भाऊ येतोय. कार्ड तो निवडंल, मी मधी बोलणार न्हाय."

मी फोन ठेवला की त्यांनी ठेवला, आठवत नाही.

ताई, हे काय करून ठेवलंस? कुणी सांगितलं होतं तुला हार मानायला? मी जिंकायसाठी भांडत होतो हे खरं, पण मला तुझ्यासमोर जिंकायचं होतं. तू तोंड वाकडं करून "घे बाबा, घे तुझं कार्ड" म्हणताना. नंतर वर्षभर टोमणे मारताना. कार्ड एकदा तरी बिघडावं आणि तू "बघ, म्हणलं न्हवतं का" म्हणावंस, तेसुद्धा चाललं असतं. हे असं गपचूप हरून, पंख्याखाली झाकून ठेवून, तू निघून जाशील हे कुठल्या भांडणात बसतं? मी जिंकलोय आणि माझ्यासमोर काळा पडदा आहे. घे हे जिंकणं परत. मला नको आहे.

आणि तू कधी हार मानत नव्हतीस! पाच वर्षांची असल्यापासून कुठंही गेलीस तरी आधी दुसरं दार कुठं आहे बघणारी तू. लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्यात, माझ्या मेडिकलमध्येसुद्धा. एकदाच ते दार स्वतः बंद केलंस, माझ्या हट्टासाठी, आणि दुसऱ्या दिवशी गेलीस. मला कळतं, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. डॉक्टरांनी डोक्यातली नस म्हणून सांगितलंय. तरी मन तिथंच जाऊन बसतं, काही केल्या उठत नाही.

कार्ड तो निवडंल. बरं, म्हटलं निवडू. मोबाईलवर कार्डं बघायला बसलो. एक बरं वाटलं. मग मी थांबलो, तुझ्या "न्हाय"साठी. किती वेळ थांबलो, ताई. शेवटी रफीकभाईंनाच परत फोन लावला. "हे घेऊ का?"

"भारी हाय, घ्या."

"आणि ते दुसरं?"

"ते बी भारी हाय."

"रफीकभाई, कशाला तरी न्हाय म्हणा की!"

"गिऱ्हाइकाला न्हाय कसं म्हणू, राहुलभाई?" बिचारे खरंच गोंधळले. त्यांच्या धंद्यात हे कुणी कधी मागितलं नसणार.

जगात एवढी माणसं आहेत आणि मला विरोध करायला एकही उरलं नाही. मी घेतलेली गोष्ट बरोबर की चूक हे आता मला कधीच कळणार नाही. मी त्या पाटाजवळ फरशीवर आडवा झालो आणि पंख्यांचा आवाज ऐकत पडून राहिलो. तेवढ्यात संध्याकाळ झाली आणि बाहेरच्या खोलीत परत तो आवाज आला. लोखंडावर लोखंड. पुढचं दार, मग मागचं.

तेव्हा मला कळलं मला काय करायचं आहे. कार्ड घ्यायचं नाही. तुझा प्रोसेसर परत आणायचा. एक गेलं तरी दुसऱ्यावर चाललं पाहिजे, हे तू म्हणाली होतीस. ते चालतं हे मला या घरात बघायचं होतं आणि आईला दाखवायचं होतं. दुसरं काही मला येत नाही. बायका तिच्याजवळ येऊन बसतात, समजावतात, ती मान हलवते आणि कडी लावते.

सकाळी कॅबिनेट तुझ्या चादरीत बांधला आणि एसटीत मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर म्हणाला, "काय हाय? कोंबड्या न्हायत ना?" मी म्हणालो कॉम्प्युटर. "मग मांडीवर का? ठेवा की खाली." मी ठेवला नाही. लोहारा आलं तेव्हा नेट कॅफे होतं ती बाजू खिडकीतून बघायला गेलो, पण मांडीवरच्या खोक्यापुढं काही दिसलं नाही.

रफीकभाई म्हणाले, "वापरलेला माल कुणी परत घेत न्हाय. पण हा मी घेतो, कार्डवाल्या दुसऱ्या मशीनला लावंन." मग त्यांनी पंखा काढला. मी बघणार नव्हतो, पण बघितलं. तू पेस्ट जरा जास्तच लावली होतीस, कडेनं बाहेर आली होती. मी असतो तर त्यावरूनही भांडलो असतो. त्यांनी ती फडक्यानं पुसली, फडक्यावर राखाडी डाग पडला. ते फडकं मागावंसं वाटलं. कसं मागणार? त्यांनी तुझा प्रोसेसर बसवला, तुझा म्हणजे तुला पाहिजे होता तो, नवी पेस्ट लावली आणि पंखा आवळताना म्हणाले, "ताई असत्या तर लई भांडल्या असत्या आज तुमच्याशी." मी व्हय म्हणालो.

घरी येऊन कॅबिनेट पाटावर ठेवला, भिंतीपासून लांब. वायरी जोडल्या. बटण दाबलं आणि डोळे मिटून घेतले, लहान पोरासारखे. उघडले तेव्हा पडद्यावर कंपनीचं नाव होतं. मग ते गेलं आणि पांढऱ्या अक्षरांत एक ओळ आली, की चालू करण्यासारखं आत काही सापडत नाही. बरोबरच आहे, एसएसडी कोरीच आहे. आत अजून काहीच भरलेलं नाही. मी तिच्याकडं बघून रडलो, ताई. चांगलं मोठ्यानं रडलो.

आई चुलीपुढून पिठाच्या हातानं आली. "काय झालं?"

"दिसतंय आई. चालू झालं."

तिनं वाकून बघितलं. "एवढंच?"

"सध्या एवढंच."

"ह्याच्यासाठी दोघं भांडत होता व्हय?"

"व्हय."

ती माझ्याजवळ खाली बसली, हाताचं पीठ तसंच. बराच वेळ त्या एका ओळीकडं बघत राहिली. तिला ती वाचता येत नाही, मी वाचून दाखवली नाही. मग म्हणाली, "कुणाचं बरोबर निघालं?"

"तिचं."

"मग?"

"मग काय?"

"काय न्हाय," आई म्हणाली आणि उठली. भाकरी तव्यावर करपत होती.

मला वाटलं होतं आज ती कडी लावणार नाही. असं वाटणं मूर्खपणाचं होतं, तू म्हणाली असतीस. दिवे लागायच्या वेळेला ती गेली आणि तिनं लावली. या वेळी मी उठलो आणि काढली.

"लाव ती."

"न्हाय."

"राहुल, लाव म्हणते ना."

"न्हाय लावत."

तिनं मला बाजूला ढकलून परत लावली. मी परत काढली. ती ओरडली, मी ओरडलो. मी काय ओरडलो माहीत आहे का? तुझंच. "एक गेलं तरी दुसऱ्यावर चाललं पाहिजे, आई! मी हाय ना अजून! मला भाईर काढायला नको का?" ती दाराला पाठ लावून खाली बसली आणि रडली. तू गेल्यापासून पहिल्यांदा, आवाज काढून. मी मागच्या दारापुढची पेटी ओढून बाजूला केली. फरशीवर चरा पडला. तो आता राहील.

तेव्हापासून रोज हेच चाललंय. ती लावते, मी काढतो. दोन कंट्रोलरवरचं प्लास्टिक अजून तसंच आहे, मशीनमध्ये अजून काही भरलेलं नाही, आणि माझ्या मनात काही बरं झालेलं नाही, तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. मेडिकलवर परत जायचं आहे आणि तिला या दारांसोबत सोडून कसं जायचं ते मला समजत नाही. पण कुणीतरी मला "न्हाय" म्हणतंय, ताई, आणि हे भांडण मी हरणार नाही. तुझ्यासारखं गपचूप तर अजिबात नाही.

आई उठली बघ. दाराकडं निघालीय. थांब जरा, मी कडी काढून येतो.